कांडीवरचा ओरखडा

हसीनाभाभी, रफिकशेठ, बाकीचे संघमालक, सगळे खेळाडू, आणि कामतघर, टेमघर, काल्हेरहून आलेल्या मंडळींनो. मी भालचंद्र. काल्हेरच्या संघाचा मालक. गोडाउनवाला भालू म्हटलं की तुम्ही ओळखता. मला बोलता येतं असं लोक म्हणतात. ट्रकवाल्यांशी येतं. आज जमेल की नाही, माहीत नाही. शोकसभेत मी कधी बोललो नाही. मधेच थांबलो तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे त्याला सर म्हणता. मी त्याला मकबूलच म्हणायचो. आम्ही एका वर्गातले. हे आज जे पक्कं मैदान दिसतंय ना, इथे तेव्हा माती होती. एकच रिंग, आणि तीही वाकडी. मकबूल कॅप्टन. आणि मी? मी उरलेला. चौघे जमले होते, पाचवा मिळत नव्हता, म्हणून मला घेतलं. मला ड्रिबल यायचं नाही. बॉल माझ्याच पायावर आपटायचा. मकबूल म्हणायचा, "भालू, तू फक्त हात वर करून उभा राहा. बाकीचं आम्ही बघतो." मी शाळा संपेपर्यंत हात वर करून उभा राहिलो. काय दिवस होते. तितक्या मजेत मी परत कधी उभा राहिलो नाही.

पुढे मी गोडाउनं बांधली, तो त्याच शाळेत खेळाचा शिक्षक झाला. आणि एका शुक्रवारी, लूम बंद असतात म्हणून रफिकशेठच्या कारखान्यात त्याने आम्हा सहा जणांना बोलावलं. एरवी तिथे कानात ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी इतकी शांतता होती की त्याची पेन्सिल ऐकू येत होती. कापडाच्या गठ्ठ्याचा जाड कागद उलटा करून त्याने लीग काढली. आपली लीग. भिवंडीची, व्यावसायिक, बास्केटबॉलची. सहा संघ. प्रत्येकाची प्रत्येकाशी दोनदा गाठ, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. वरचे चार उपांत्य फेरीत. दहा खेळाडू संघात, आणि त्यांना पगार वर्षभर. पाय मोडून घरी बसला तरी पगार.

 मग रफिकशेठ म्हणाले, खेळला नाही त्याला पगार कशाचा? रफिकशेठ, हसू नका, तुम्हीच म्हणाला होता. बरोबरच होतं म्हणा. आपल्याकडे लूमवर मीटरप्रमाणे मजुरी, तेवढंच आपल्याला कळतं. मकबूल म्हणाला, "खेळाडू काय कापड विणतो का, मीटर मोजायला?" झालं. पगार वर्षभर.

मग विषय निघाला, खेळाडू कुणाला कसे द्यायचे. मी म्हटलं, त्यात काय, लिलाव करू. आमच्या गावाकडच्या क्रिकेट स्पर्धांमध्ये तसंच चालतं. मंडप, माईक, बोली, जोरात. मकबूल माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "भालू, शाळेत लिलाव झाला असता तर तुझ्यावर बोली कुनी लावली असती?"

सगळे हसले. मीही हसलो. पण लागलं मला. खोटं कशाला बोलू.

त्याने सोडत ठरवली. लूमवर आडवं सूत ज्यावर गुंडाळतात त्या लाकडी कांड्या त्याने रफिकशेठकडून मागून घेतल्या. रिकाम्या, साठ. प्रत्येक मालकाने आपल्या संघाच्या दहा चिठ्ठ्या लिहायच्या, दहा कांड्यांच्या पोकळीत खुपसायच्या, आणि सगळ्या एका घमेल्यात. खेळाडू येईल, एक कांडी उचलेल. जे नाव निघेल तो त्याचा संघ. मालकाने खेळाडू निवडायचा नाही.

आता जे सांगतो ते आजवर तिघांनाच माहीत होतं. माझा पुतण्या किशोर. तो समोर बसलाय. आपल्या सगळ्या संघांत सगळ्यात चांगला खेळाडू. तो दुसऱ्याच्या संघात जावा हे मला सहन होईना. मी माझ्या एका कांडीवर गाडीच्या किल्लीने ओरखडा काढला. किशोरला सांगितलं, बोटांनी चाचपून बघ, लागेल, तीच उचल.

किशोरने दुसरीच उचलली. कामतघर निघालं.

गाडीत मी विचारलं, सापडली न्हाय का? तो म्हणाला, "सापडली, काका. मी ठेवून दिली. तुमच्या संघात मी कायम पुतण्याच राहिलो असतो."

मी किशोरवर चिडलो नाही. मकबूलवर चिडलो. माणूस किती उलटा असतो बघा. माझा पुतण्या कामतघरला, आणि माझ्या संघात पाच जण कामतघरचे. पहिल्या दिवशी ते घरी जेवायला आले तेव्हा आमची मंडळी म्हणाली, एवढी उंच माणसं बसवू कुठे? ओटीवर रांगेत बसली. मग महिनाभर येत राहिली. आणि अंतिम सामना आठवतो ना? काल्हेरविरुद्ध कामतघर. काल्हेरची माणसं किशोरच्या नावाने ओरडत होती आणि कामतघरची माणसं माझ्या संघाच्या नावाने. शेवटी कोण कुणाचं, कुणालाच कळेना. आम्ही हरलो, आणि माझं अर्धं गाव नाचलं. मकबूल टेबलाशी बसून नुसता हसत होता.

एवढं बघूनही मी सुधारलो नाही. सोडत बंद करून लिलाव आणायचा, असं पत्र मी लिहिलं. सहाही मालकांच्या सह्या घेतल्या. फक्त लीगचा प्रमुख म्हणून मकबूलची राहिली होती. गेल्या महिन्यात, तो आजारी असताना, मी ते पत्र घेऊन त्याच्या घरी गेलो. भाभी, तुम्ही चहा आणला होता. तुम्हाला वाटलं, मी तब्येत बघायला आलोय.

त्याने पत्र वाचलं. कपाटाच्या खणातून एक कांडी काढून माझ्या हातात दिली. ओरखड्यावर माझा अंगठा बरोबर बसला. म्हणाला, "मी सोडतीच्या आधीच बघितली होती." मी विचारलं, मग काढून का नाही टाकलीस? तो म्हणाला, "काढली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं कुनाची. तुझं नाव घ्यावं लागलं असतं."

मग पत्र घडी करून परत दिलं. "मी सही करनार न्हाय, भालू. आनि मी गेल्यावर तुम्हाला माझी सही लागनार पन न्हाय."

मी पत्र खिशात घातलं.  चहा प्यालो आणि उठलो. माफी मागायची होती. वाटलं, पुढच्या खेपेला मागू. मंगळवारी तो गेला.

त्याचं खरं झालं. आता आणखी कुणाचीच सही नको. पुढच्या आठवड्यात मालकांची बैठक आहे, आणि हे पत्र माझ्या खिशात आहे. हे बघा. फाडत नाही, नाटक नको. फक्त माझ्या सहीवर तुमच्यासमोर रेघ मारतो. ही मारली. बाकीच्या मालकांना मी आज काही विचारणार नाही. शोकसभेत मतं मोजायची नसतात. पण बैठकीत लिलावाचा विषय निघाला तर विरोधात पहिला हात माझा असेल.

मकबूल, मी लबाडी केली आणि तू माझी लाज राखलीस. मला माफ कर. हे मी तुझ्या घरी बोलायला हवं होतं. उशीर झाला.

आता सगळ्यांनी उभं राहू या. आपापल्या संघाबरोबर नको. जो जिथे आहे, ज्याच्या शेजारी आहे, तिथेच. दोन मिनिटं शांत राहू या त्याच्यासाठी.

मकबूल सर, सलाम.