सेनापतीची भाकरी

वेदिका : तो रडला म्हणून तू त्याला माफ केलंस?

विनीत : माफ कुठे? मारलाच की शेवटी. मी एवढंच म्हणतोय, की त्यानं आधीपासून ठरवलेलं नव्हतं. दरवाजापाशी गेला, पलीकडे शत्रूच्या मशाली दिसल्या आणि फाटली त्याची. होतं माणसाचं असं.

(गणपतीपुळ्याच्या अलीकडे, आंब्याच्या बागेतलं घर, दुपारच्या चहाची वेळ. थोरला विनीत आणि धाकटी वेदिका वर्षभर मिळून खेळत होते तो राजा-राक्षसांचा व्हिडिओ गेम आत्ता संपलाय. राजाच्या भरवशाच्या सेनापतीनं, वज्रसेनानं, गडाचा दरवाजा शत्रूला उघडून दिला. वडील आत झोपलेत. त्यांची उजवी बाजू गेलेली आहे.)

वेदिका : मग कुत्री का भुंकली नाहीत?

विनीत : कुठली कुत्री?

वेदिका : गडावरची, राखणीची. गेम सुरू झाल्यापासून तो रोज संध्याकाळी त्यांना स्वतःच्या हातानं भाकरी घालतो. हाताखाली एवढे शिपाई, आणि कुत्र्यांना भाकरी हा घालणार. तू दर वेळी तेवढा भाग पुढे ढकलायचास, कंटाळा येतो म्हणून. दरवाजा उघडला त्या रात्री एक कुत्रं भुंकलं नाही.

विनीत : आवडत असतील त्याला कुत्री.

वेदिका : हां. प्राणिमित्र होता बिचारा.

विनीत : तुला ना सगळीकडे कटच दिसतो गो. बनवणाऱ्याकडून आवाज टाकायचा राहिला असेल.

वेदिका : राजाच्या हातातून चमचा पडला त्याचा आवाज टाकला, कुत्र्यांचा विसरला. असेल. रडला कशाला ते सांग.

विनीत : पश्चात्ताप झाला.

वेदिका : दार उघडायच्या आधी? पश्चात्ताप असा आगाऊ होत नसतो, दादा. आधी रडून ठेवणारा माणूस नंतर आपल्याला कुणी वाईट म्हणू नये याची सोय करत असतो. तूही परवा रडलास.

विनीत : मी?

वेदिका : मस्कतच्या नोकरीचं सांगताना.

विनीत : ते वेगळं. ते अचानक आलं, कितीदा सांगू तुला. वर्गातला अनस तिथे आहे, त्यानं शब्द टाकला, लगेच कंपनीचा फोन आला. पुढच्या आठवड्यातलं विमान. मला तरी विचार करायला वेळ कुठे मिळाला?

वेदिका : मागच्या जूनमध्ये मला काय म्हणालेलास?

विनीत : वेदू, आता ते नको.

वेदिका : म्हण ना. ऐकायचंय मला.

विनीत : या वर्षी तू थांब, बाबांना बघ. पुढच्या वर्षी मी थांबतो, तू पुण्याला जा शिकायला.

वेदिका : पाठ आहे की. मी हातातली ॲडमिशन सोडली. यंदा पुन्हा मिळाली, सोमवारी हजर व्हायचंय. आणि तू निघालास मस्कतला.

विनीत : तेव्हा मनापासून बोललेलो मी. आईची शपथ.

वेदिका : आई गेल्यापासून तिच्या शपथा फार स्वस्त झाल्यात या घरात.

विनीत : असं बोलू नको.

वेदिका : वर्षभर मला फवारणीचा पंप शिकवलास. कातळावरच्या कलमांना खत कधी घालायचं, गडी कुणामार्फत सांगायचे, वाशीच्या दलालाशी कसं बोलायचं. मी गावभर सांगत होते, माझा भाऊ बहिणीला मागे ठेवणारा नाही. तू आपला रोज संध्याकाळी मला भाकरी घालत होतास.

विनीत : शिकवलं तेही चुकलं?

वेदिका : छान शिकवलंस. कलमं जगतील.

विनीत : अगो, जूनमध्ये माझ्या डोक्यातही नव्हतं परदेशाचं. अनसला विचार हवं तर.

वेदिका : अनस कशाला? गेल्या वर्षीच्या शिमग्याला पालखी दारात आली, तेव्हा गाऱ्हाणं घालणाऱ्या शिवाकाकाच्या कानात आधी काय सांगितलंस?

विनीत : गेल्या वर्षीच्या? नेहमीचंच. घराचं बरं कर, बाबांना हिंडतं-फिरतं कर.

वेदिका : ‘ह्या पोराचा बरा कर म्हाराजा. त्याच्या मनात परदेशी जायाचा हाय, त्याची वाट मोकळी कर. आनि घरात पोरगी हाय, ती बापाजवळ ऱ्हाव दे, तिचा पाय घराभायेर पडू देव नको.’ जूनच्या आधी येतो ना रे शिमगा?

विनीत : कोणी सांगितलं तुला? शेजारच्या हौसाकाकूनं?

वेदिका : मी ऐकलं.

विनीत : तू अंगणात नव्हतीस. बाजूला बसलेलीस, मागच्या पडवीत. आणि ढोल केवढे वाजत होते.

वेदिका : गाऱ्हाण्याला ढोल थांबतात, दादा. इतकी वर्षं पालखी खांद्यावर नाचवतोस, एवढं लक्षात नाही आलं? देवाला नीट ऐकू जावं म्हणून थांबवतात. तू कानात सांगितलंस, पण काका थोडाच कानात बोलणार होता? त्याचा आवाज पार कातळावर जातो.

विनीत : मागणं होतं ते नुसतं. माणूस देवाजवळ काय वाटेल ते मागतो.

वेदिका : मलाही तसंच वाटलं. म्हणून तू जूनमध्ये शब्द दिलास तेव्हा मी समजले, दादानं मागणं सोडलं माझ्यासाठी. आणि वर त्या गेममधल्या राजाला मी मूर्ख म्हणायचे.

विनीत : आता मी काय करू, सांग.

वेदिका : तुझं तू बघ. सोमवारी सकाळच्या एसटीनं मी जातेय.

विनीत : आणि बाबा?

वेदिका : उठतील एवढ्यात. चहात बिस्कीट भिजव आणि डाव्या बाजूनं भरव. उजव्या गालात साठून राहतं. तुला माहीत नसेल.

विनीत : म्हणजे तूही आधीच ठरवून बसलेलीस.

वेदिका : नाही. मघाशी तू ‘नेहमीचंच’ म्हणालास ना, तेव्हा ठरवलं. आयत्या वेळी ठरवलेलं असं असतं. बॅगसुद्धा भरलेली नाही माझी.

विनीत : सगळं ऐकलेलंस, तर तेव्हाच का नाही बोललीस?

वेदिका : बोलले की. काका पहिल्यांदा म्हणाला, ह्या पोराचा बरा कर. अंगणातली माणसं म्हणायच्या आधी मागच्या पडवीतून मीच म्हटलं, व्हय म्हाराजा.