सात सर्व्हर आणि चार मिनिटांचा मुहूर्त

मंडळी, आधी सांगा — शुभकार्य बिघडतं कशानं? मुहूर्त चुकल्यानं, की घाईनं? अहो, मान दोन्हीकडे हलवू नका, मला काही कळत नाही!

ऐका तर. सांगलीत अप्पासाहेब आरवाडे नावाचे गृहस्थ. त्यांची कंपनी मोबाईलवर रिक्षा बोलावून देते. चारशे रिक्षावाल्यांची चूल त्यावर! प्रोग्राम एकच, पण सात सर्व्हरवर चालतो — एखादा आडवा झाला तरी बाकीचे गाडा ओढतात. त्यांची राखण करायची कस्तुरी घारपुरे. तिचे वडीलही याच अ‍ॅपवर रिक्षा चालवायचे. म्हणजे बिघडलं, की बोलणी ऑफिसातही आणि जेवताना घरीही!

नवा प्रोग्राम चढवायची तिची रीत ठरलेली. एका सर्व्हरवर चढवायचा, विचारायचं, "बरा आहेस ना?" तीन मिनिटांनी "हो" आलं, की मगच पुढचा. पण एका बुधवारी अप्पांनी मुहूर्त काढला — अकरा बेचाळीस ते अकरा शेहेचाळीस! सातही सर्व्हरना हळदकुंकू. एसीलाही, तो रुसू नये म्हणून.

"अप्पा, एकवीस मिनिटं लागतात हो."

"अगं, विचार की! फक्त उत्तराला थांबू नकोस. रस्त्यात आपण म्हणतो, 'काय, बरंय ना?' — थांबतो का कुणी?"

नोकरी पक्की व्हायला आठ दिवस उरलेले. कस्तुरीनं थांबणं काढून टाकलं.

पहिला — "बरा आहेस ना?" — पुढे! दुसरा — पुढे! सहा झाले, आणि वडिलांचा फोन. "कस्तुरे, स्टँडवर चाळीस रिक्षा उभ्या! एक आजीबाई मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणतात, यातून रिक्षा काढून द्या!"

बघते तर सहाही बेशुद्ध! पहिल्यानं केव्हाच "नाही" म्हटलेलं. ऐकायला होतं कोण?

"सातवा घे! एक मिनिट उरलंय!" अप्पा ओरडले.

कस्तुरीनं कीबोर्ड उचलून मांडीवर घेतला. "नोकरी गेली तरी चालेल, अप्पा. सातव्याला हात लावणार नाही."

अख्खी सांगली तिनं त्या एकट्या सातव्याकडे वळवली. मग सहांवर जुना प्रोग्राम परत, एकेकावर — विचारून, थांबून. शेवटचा तर भर राहुकाळात उठला. ठणठणीत!

त्याच्यासमोर अप्पा स्वतः बसले होते. "हो" आलं, तसे कस्तुरीकडे वळले. "आणि तू? बरी आहेस ना?"

तिचं उत्तर यायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागला. अप्पा उठले नाहीत. नोकरी तिथंच पक्की झाली.

आता तुम्ही, मंडळी! आज घरी जाल, दारातूनच आईला विचाराल, "बरी आहेस ना?" विचारा, जरूर विचारा — पण आधी चप्पल काढा. आणि बसा!