होडीत भरलेलं गोडं पाणी

नाही, तुम्हीच सांगा, मी काय मनात धरून गेले होते? निळा समुद्र, माडांची रांग, पांढऱ्या फेसावर फळ्या, फळ्यांवर आमच्या जळकोटच्या बाया, पदर खोचलेले, हात पसरलेले, वाऱ्यावर खदाखदा हसून राहिल्या... आणि सापडलं काय? अंगणात एक होडी. होडीत गोडं पाणी. काठोकाठ! अहो, होडी पाण्यात असते, पाणी होडीत नसतं, हे काय शाळेत जाऊन शिकायचं असतं?

थांबा, मधूनच सुरू झाले. मी शिवगंगा. शिकायला पाँडिचेरीला होते. तिथल्या कोळ्यांच्या पोरींनी मला फळीवर उभं राहायला शिकवलं. सर्फिंग म्हणतात त्याला. लाट येते, तुम्ही तिच्यावर चढता, आणि दोन क्षण अंगावर कसलंच ओझं नाही! आणि तिथून परत आले ती नेमकी दुष्काळाच्या साली. लातूरला पाणी रेल्वेनं, आमच्याकडे टँकरनं, आणि आमच्या बचत गटातल्या बायांच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, कमरेवर कळशी, तोंडात शिवी. मला वाटलं, जन्मभर यांनी पाण्याला डोक्यावर घेतलं, एकदा तरी पाण्यानं यांना डोक्यावर घ्यावं की!

बैठकीत उभी राहून म्हणाले, "पाण्याशी मैत्री करायची!" डोळे भरून आले हो माझे. तर चतुराबाई म्हणते, "डोळ्यातलं वाया घालू नको, पोरी. टँकर परवा हाय." आणि वर, "उदगीर जिल्हा झाला की समुद्र बी इकडंच आणतेत म्हणं. तवर थांबावं का?" सगळ्या हसल्या! आमची गंगम्मा आत्या, म्हणजे वडलांची थोरली बहीण, गटाची अध्यक्ष, तिनं तर हातच जोडले, "लाटंवर उभं ऱ्हायचं? मला एसटीत उभं ऱ्हाता येईना, माय!"

पण निघाल्या. एक क्रुझर, आठ बाया, धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि माझी मैत्री.

कोकणातलं गाव म्हणजे कसलं गाव, वाडी ती! रस्ता संपतो, मग वाळूची पुळण, मग चार घरं इकडं, चार तिकडं, मागं खाडी, पुढं समुद्र, आणि मधे एक विहीर. अख्ख्या वाडीला एकच. क्रुझरवाला आम्हाला शेवंतीमावशीकडे उतरवून परत गेला, आठवड्यानं न्यायला येणार होता. मासळी विकणारी बाई, आवाज खणखणीत. विहीर तिच्याच अंगणात, विहिरीवर मोटर, मोटरीला नळ. मावशी टोपली उचलून बाजाराला निघाली आणि जाता जाता म्हणाली, "घरच समजा हां, बायांनो!"

आता मला सांगा, लातूर जिल्ह्यातल्या बाईला त्या वर्षी असं सांगायचं असतं का? घर म्हणजे काय? घर म्हणजे नळ आला की भरायचं!

मी कुठं होते? मी किनाऱ्यावर! सर्फिंग शिकवणाऱ्या सरांबरोबर उद्याच्या लाटा बघत होते. ते म्हणत होते, "आधी पोटावर झोपायचं, मग गुडघ्यावर, मग उभं," आणि मी मान डोलावत होते, आणि इकडं अंगणात चतुराबाईनं मोटर लावून नळ सोडला. पाय धुवायला. फक्त पाय धुवायला! पण नळ चालूच. पाय धुऊन झाले तरी चालूच, कारण आमच्याकडं नळ कुणी बंद करत नाही, तो आपणहून जातो.

"आत्याबाई, बंद होईना हे!"

"व्हईल. आत्ता व्हईल. भरा गं!"

झालं! घागरी भरल्या, बादल्या भरल्या, पातेली भरली, आमच्या बाटल्या भरल्या, मावशीचा मासे धुवायचा टब भरला, बर्फाची पेटी भरली. तरी नळ जाईना! जितका जाईना तितकी यांची घाई वाढली, कारण इतका वेळ आलेला नळ म्हणजे आता महिनाभर येणार नाही, हा आमच्याकडचा अनुभव! मग कुणाला तरी कोपऱ्यात ओढून ठेवलेली होडी दिसली. "अगं, एवढी मोठी काहील रिकामी!" काहील! गूळ आटवायची नाही, डांबर फासलेली, डिझेलचा वास मारणारी काहील!

आणि मला पाण्याशी मैत्री करायची होती हो... मैत्री!

मी परत आले तेव्हा मोटर कोरडी घरघरत होती आणि आठही बाया भरल्या भांड्यांमधे बसल्या होत्या, लग्नात वरपक्षाच्या बायका बसतात ना, तशा तृप्त. मागोमाग मावशी आली. टोपली खाली ठेवली. पोहरा विहिरीत सोडला, खण्णकन तळाला लागला. वर आला तो गढूळ घोटभर. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं, आणि तिचा चेहरा बघून मी कपाळावर हात मारला. कारण मला ठाऊक होतं हो! समुद्राकाठची विहीर म्हणजे वर गोडं, खाली खारं. बेतानं शेंदलं तर गोडं पुरतं, एकदम उपसलं की खालचं खारं वर चढतं. पुस्तकात शिकले होते मी हे! सांगायचं तेवढं राहिलं!

वाडी जमली. एक म्हातारा काठी आपटून म्हणाला, "ह्यांका आताच्या आता फाट्यार सोडा!" मावशी मात्र माझ्याकडे वळली. "गो बाय, पाणी खारट झाला तर पावस पडासर आमी काय पिवचां?"

पावसाला महिना होता. मी हात जोडून लांबलचक माफी मागितली, त्यात भूजल, समाज, बंधुभाव सगळं आलं, आणि शेवटी आमच्या बायांकडे वळून म्हणाले, "निदान भरलेलं तरी परत द्या."

कोणी हललं नाही! गंगम्मा आत्यानं घागरीला मिठी मारली. "भरलेलं पाणी परत देत्यात व्हय? आन उद्या नळ न्हाई आला तर?"

"आत्या, ही विहीर आहे! नळाचा नंबर नाही!"

"तेच म्हणते मी. नंबर बी न्हाई, मग भरवसा कशाचा?"

म्हातारा आणखी चिडला. मावशीनंच हात वर केला. "सकाळीक बघूया. रात्री झरो भरता." म्हणजे सकाळी पाणी गोडं निघालं तर सुटलो, खारं निघालं तर... त्या 'तर'वर वाडी घरी गेली. जेवण कुणाला गेलं नाही. आणि मी म्हणे मैत्री करायला आले होते! पाण्याशी!

उजाडलं. पोहरा वर आला. आज तो भरलेला होता, आणि नितळ! माझा जीव भांड्यात पडला. मावशीनं घोट घेतला आणि तिथंच थुंकला.

खारं.

आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं हो! वाडीतल्या बाया आल्या, रिकामे हंडे घेऊन, आणि नुसत्या उभ्या राहिल्या. एकीमागं एक. ती रांग आमच्या बायांनी बघितली. ती रांग त्यांना कुणी समजावून सांगावी लागत नाही. आत्या उठली, काल मिठी मारलेली घागर उचलली आणि पहिल्या हंड्यात ओतली. धार मोडू न देता. "हांडा सरळ धर, माय. सांडंल." मग चतुराबाई उठली, मग सगळ्या. दुपारपर्यंतचं भागलं. होडीतलं सोडून. ते पिणार कोण?

आणि उद्या? गोडं पाणी होतं खाडीपलीकडच्या गावात. रस्त्यानं वळसा मोठा, आणि होड्या? भरतीला त्या मासेमारीला जातात, ओहोटीला खाडीत चिखलात टेकतात. पण फळी तरंगते! सरांकडून भाड्यानं घेतलेल्या माझ्या सर्फिंगच्या फळ्या, सहा, नव्या कोऱ्या, वाळूवर तेल लावून ठेवल्यासारख्या चकाकत होत्या. सर तिकडून हात करून राहिले, "चला! काय सुंदर लाटा आहेत!" आणि काय लाटा होत्या हो त्या! मी एकदा, फक्त एकदा बघितलं तिकडं.

आणि ठरवलं. फळ्या समुद्रात जाणार नाहीत, खाडीत जातील. प्रत्येक फळीवर घागरी बांधायच्या, दोघींनी, एक वाडीतली, एक आमच्यातली, दोन बाजूंनी गुडघाभर पाण्यातून ढकलत आणायच्या, भरतीच्या आत, रोज, आमची क्रुझर येईपर्यंत. विहिरीला हात लावायचा नाही, तिला निवू द्यायची. पुढचं पुढं.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी इथं बी पाणीच आणायचं?"

"हाव, आत्या."

"एवढ्या लांब येऊन?"

"हाव."

"मग आदुगरच सांगावं की, येडे! चुंबळ आणली असती मी!"