खानावळीतली कळशी

पोरांच्या वळणाचं काढलंच तुम्ही, तर ऐका. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, त्यात दुष्काळ. खानावळीत आमच्या सहा वर्षांच्या सुमीनं पाण्याचा तांब्या टेबलावर उपडा केला अन् सांडलेल्या पाण्यात बोटानं रेघोट्या ओढत बसली.

मालक म्हणाले, "जाऊ द्या ताई, लेकरू हाय."

"माझं लेकरू हाय, म्हणूनच जाऊ देणार न्हाई."

मी त्यांचीच कळशी उचलली, सुमीला हापशाच्या रांगेत उभं केलं. तासाभरानं कळशी भरून आणली, तवा कुठं जेवलो.

उठताना सवयीनं मी पेलाभर पाण्यानं ताटातच हात धुतला. सुमीनं रिकामा तांब्या माझ्यापुढं आदळला.

मालक हसले, "जाऊ दे बाळ, आई हाय."

"माझी आई हाय, म्हणूनच जाऊ देणार न्हाई!"