कोरा कागद

हॅलो?… हॅलो?… हो जी, गणपतराव मास्तरांचंच घर… मी त्यायची मिसेस, इंदुताई… काटोलहून ट्रंक कॉल? द्या जी, लवकर द्या, लेक आहे माही काटोलले…

हॅलो! गोपिका? बोल वं… रडून काहून राहिली?… अगं ऐक ना, आधी सांग, गजू बरा आहे ना?… हो… हो… शी नाही? कधीपासून?… सोमवारपासून! आन् तू मले आज शुक्रवारी सांगून राहिली?

अहो, गोपीचा फोन आहे! गजूले सोमवारपासून संडास नाही. तो पेपर ठेवा जी खाली!

नाही वं, तुह्या बाबाले म्हणलं. बोल… पोट कसं आहे?… कडक. उलटी?… ताप?… नाही ना? बरं… खेळते, आन् खेळता खेळता कोपऱ्यात जाऊन उभा राहते… पाय आवळून… लालबुंद होते… म्हणजे येते त्याले, पण करत नाही! हे काय नवीन?

डॉक्टर काय म्हणले?… रोखून धरते? सव्वादोन वर्षाचं पोट्टं कायले रोखून धरन वं? डॉक्टर नवीन आहे काय?… पाणी पाजा, पपई द्या, जबरदस्ती करू नका… हो… आन् संध्याकाळपर्यंत नाही झाली त नागपूरले दवाखान्यात न्या… अव्वो माय!

थांब. रडू नको. मी विचारते तेवढंच सांग. त्याच्या खाण्यात काय गेलं?… वरणभात… दूध… कोणतं दूध? डब्ब्याचं त नाही?… दूध कोण पाजते?… कौसल्या? तुही मोठी जाऊ? काहून, तिले काहून एवढा पुळका आला?… असन चांगली, मी कुठं नाही म्हणलं! पण तिले दोन पोरीच आहेत, आन् तुले पहिला पोरगा… मी काही म्हणत नाही. मी फक्त विचारून राहिली.

कोण खोकललं?… तू?… मंग कोण? एक्सचेंजवाला ऐकून राहिला वाटते. ऐकू दे. त्याच्या घरी नसतील काय पोट्टे?

बरं, ऐक. झोप कशी आहे?… लय झोपते? दुपारीबी? एवढ्या दुखण्यात?… गोपे, खरं सांगजो. तुही सासू त्याले काही चाटवून त नाही राहिली ना?… चाटण नाही वं! ती काळी गोळी! आधी बाया देत होत्या ना पोराले, निंदणाले जाताना. पोट्टं दिवसभर निपचित, आन् पोट दगड… हसू नको! अफू असते त्याच्यात!… कशावरून नाही? तू पाहिलं काय तिचा बटवा उघडून? ती बुढी दिसते भोळी, पण पक्की आहे, लग्नातच ओळखलं होतं मी, मानाच्या साडीवरून जे तोंड केलं होतं तिनं…

हॅलो?… गोपे?… बोलत काहून नाही?…

कोण?… विहीनबाई?

अव्वो… नमस्कार, नमस्कार रुखमाबाई! कधी आल्या तुम्ही फोनवर?… “बुढी”पासून… नाही, नाही जी, ते तुमच्याबद्दल नव्हतं! आमच्या इथं एक बुढी आहे, बाजूले… तिचीबी साडी… हो… बरं, जाऊ द्या. म्हणलं मी. माह्या नातवाचा जीव आहे, म्हणून तोंडात येईन ते बोलली.

काय?… एरंडेल? नका देऊ जी! डॉक्टरले विचारल्याशिवाय थेंब नका देऊ!… सगळ्यायले देत होते, पण आता नका देऊ ना!… हो, तुम्ही पाच पोरं वाढवली. मीबी काही कोंबड्या नाही पाळल्या!

काय म्हणता?… आमच्याकडून आल्यापासून? म्हणजे काय म्हणायचं काय तुम्हाले?… आमच्याकडे जायच्या आधी रोज सकाळी होत होती… आन् नागपूरहून आला तसा बिघडला… वा जी! म्हणजे मी काही चारलं? माह्या लेकीच्या लेकाले? मी!… मुगाची खिचडी, विहीनबाई! त्याच्यावर घरचं तूप! विचारा गोपीले!… तुम्ही संशय घेऊन राहिल्या… मी घेतला तो संशय नव्हता, ती चौकशी होती!

द्या, गोपीले द्या फोन.

हॅलो, एक्सचेंजवाले भाऊ? तीन मिनिटं झाली? वाढवा जी, वाढवा! कापू नका गा, पोराचं पोट आहे…

गोपे, पाहिलं तुही सासू? मले म्हणते… हो, हो, मीच सुरू केलं होतं, समजलं. तू मधात पडू नको. आता सांग, तू त्याले बसवते कुठं?… अंगणात, नेहमीसारखा पेपर टाकून… बरोबर आहे, इथंबी तसंच बसवत होती तू… पेपर अंथरला की पळते? भेते?… काय करते म्हणलं?… हात जोडते? पेपरच्या पाया पडते आन् मंग पळते!

गोपे, हे पोटाचं नाही. हे बाहेरचं आहे. कोणाची तरी नजर आहे. एवढंसं लेकरू पेपरच्या पाया काहून पडन? मी म्हणून राहिली ना, घरातलंच कोणीतरी…

काय सांगून राहिला तो?… तो उठला? दे बरं त्याले. कानाले लाव त्याच्या.

गजू! गजूबाबू! आजी होये मी… हो, आजी फोनमधी… पोट दुखते काय राजा?… मंग शी काहून नाही करत?… पेपरवर नाही? काहून नाही?… पाप? पाप लागते?… कोणी सांगितलं तुले? मोठ्या आईनं? कौसल्यानं?… नाही?… आजीनं? त्या आजीनं?… नाही? मंग कोणी सांगितलं पाप लागते म्हणून? भेऊ नको, आजीले सांग…

कोण?

बरं. थांब हं राजा. फोन ठेवू नको. थांब.

अहो.

अहो मास्तर! पेपर खाली करा. मी इतका वेळ काटोलच्या घरादाराले आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून राहिली, आन् तुम्ही त्या पेपरच्या मांगं बसून गपचूप ऐकून राहिले? काय सांगितलं तुम्ही पोराले?… काय सांगितलं?… पेपरले पाय लागला की पाया पड… कागद म्हणजे सरस्वती… तिच्यावर घाण केली त पाप लागते… अहो, त्याची आई त्याले पेपरवर बसवते शीले! रोज! लेकरानं काय करावं मंग?… संस्कार! जळला तो संस्कार! तुमची सरस्वती पोराच्या पोटात अडकली जी, सोमवारपासून!

गोपे, ऐकलं काय?… हो… तुह्या बाबानं. हो, माह्याच घरात. सांग तुह्या सासूले… नाही, थांब, तिले नको सांगू… बरं, सांग. सांगून टाक. बरोबर होतं तिचं, इथूनच गेलं. आन् कौसल्यालेबी… तिले म्हणा, मी साडी घेऊन येते. नाही, म्हणू नको काही. मीच बोलीन.

आता आधी दुसरं काही टाक अंगणात… पाटी? पाटी नको वं! पाटी त पेपरहून मोठी सरस्वती!… कॅलेंडरवर देव आहे, वेडी होये काय!… नुसत्या जमिनीवर?… नाही म्हणते? आबाले विचारा म्हणते?

अहो, या इकडं. नातू परवानगी मागून राहिला हेडमास्तरची. सांगा त्याले, कर म्हणा पेपरवर, काही होत नाही… काय? कसं सांगू म्हणजे? तोंडानं सांगा!… तत्त्व? पोराचं पोट नगाऱ्यासारखं झालं, आन् तुम्हाले तत्त्व सुचून राहिलं! त्याले दवाखान्यात न्या म्हणून राहिले डॉक्टर! काय करतील तिथं एवढ्याशा जीवाले, माहीत आहे काय तुम्हाले?…

अहो… तुमच्या डोळ्याले काय झालं?

बरं, बरं… नका रडू. तुम्ही काही वाईटासाठी नाही सांगितलं… हं?… काय म्हणता? अक्षर असन त सरस्वती… छापलेलं नसन, कोरा असन, त चालते?… मंग सांगा ना तसंच! घ्या फोन… भाषण नका देऊ!… एवढंच, “कोऱ्या कागदावर कर बेटा, आबानं सांगितलं”… हो… पुन्हा सांगा… गळा साफ करून सांगा, ऐकू नाही जात त्याले… झालं, द्या इकडं.

गोपे, कोरा कागद आहे काय घरात?… कापडाच्या दुकानातला खाकी? टाक तोच. उलटून पालटून पाहून घेजो, कुठं दुकानाचं नाव नको छापलेलं!… कोण, कौसल्या टाकून राहिली? टाकू दे… रुखमाबाई धरून राहिल्या त्याले? धरू दे. कोणी ओरडू नका म्हणा त्याच्यावर, घाई नका करू…

बसला?… आधी पाया पडला? पडू दे, पडू दे, काय बिघडते… बसला… हो… आन्?… जोर करून राहिला… रडते काय?… पाठीवर हात फिरवा म्हणा जी कोणीतरी… आन्?…

हॅलो?… हॅलो! गोपे!… हॅलो, भाऊ! कापला काय जी? आत्ताच कापायचा होता! हॅलो!

गेला. मेल्यानं कापला. आतापर्यंत कान लावून ऐकत होता, आन् ऐन वेळेवर… नाही, तुम्ही बसा. घंटी वाजन पुन्हा. बसा म्हणलं ना. नाही वाजली त मी स्वतः जाते बसनं.

वाजली!

हॅलो? गोपे? झाली काय?… कोण?… एक्सचेंज? लाइन खराब झाली?… भाऊ, जोडा ना जी पुन्हा, माह्या नातवाचं… काय म्हणता?

झाली?

तुम्हाले कसं माहीत?… तिकडून ऐकू आलं… सगळे ओरडले… टाळ्या वाजवल्या बायायनं… तुम्ही ऐकत होते ना? पहिल्यापासून ऐकत होते! मी म्हणलंच होतं!

भाऊ… तुमच्या तोंडात साखर पडो जी.

अहो, झाली! झाली म्हणे! आता फुंदू नका, पाणी प्या…

हो भाऊ, बोला, आहे मी… तुमच्या घरीबी लहान आहे? दीड वर्षाचा? वा… नाही, कडक झाली त पाणी पाजजा भरपूर, पपई देजा, आन् डॉक्टरले दाखवजा, घरचं काही नका चाटवू… बसवता कशावर त्याले?… पेपरवर?

मंग मले एक सांगा भाऊ, खरं सांगजा… घरात कोणी मास्तर आहे काय?