तीन श्यामसुंदर आणि एक यादी

मी, श्यामसुंदर दादू परब, वय ६७ वर्षे, व्यवसाय निवृत्त फिटर, राहणार खोली क्र. १७, रवळनाथ चाळ, कांजूरमार्ग पूर्व, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देतो की,

कागदावर नाव नाही म्हणून हेलपाटे घालणाऱ्या आमच्या चाळीतील बारा बिऱ्हाडांच्या वतीने मी सोमवारी तक्रार दिली. चाळीत ८६ खोल्या आहेत. पुनर्विकासाच्या यादीत ७४ नावे आली. आम्हा तीन श्यामसुंदर दादू परबांपैकी एकच उरला, तो लंबू श्याम, चाळीच्या सेक्रेटरींचा मेव्हणा. यादी सेक्रेटरींची मुलगी उत्तरा, वय २३, हिने केली होती. तिने नावे मुद्दाम गाळली, असे मी चाळीच्या सभेत पाऊण तास बोललो. तक्रारीनंतर आपण तिचा लॅपटॉप जमा करून घेतला.

आज सकाळी ११ वाजता ठाणे अंमलदारांसमोर उत्तराने तो उघडून दाखवला. मूळ फाइलमध्ये ८६ ओळी शाबूत होत्या. त्यात तिने काही बदलले नव्हते, ती फक्त वाचली होती. नवी फाइल तिने पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहून तयार केली. तो प्रोग्राम माणूस नावावरून ओळखत होता. तेच नाव पुन्हा आले की आधीच्याची माहिती पुसून नव्याची ठेवत होता. आम्ही बहुतेक एका गावचे, एका भावकीतले. आजोबांचे नाव नातवाला ठेवतो, त्यामुळे पूर्ण नावेही जुळतात. लंबू श्यामची खोली ८६ वी. तो शेवटी आला म्हणून टिकला.

मी तिला विचारले, "म्हणजे मला मुद्दाम नाही काढलंस?"

ती म्हणाली, "काका, तुम्हाला काढून मला त्या चाळीत राहता येईल का?"

अंमलदार हसले. मी म्हणालो, "अगं, आमचा पोस्टमनसुद्धा नाव बघत नाही, खोली नंबर बघतो."

ती म्हणाली, "नावाऐवजी खोली नंबर. तेवढंच बदलायचंय, काका."

तपास चालू असल्याने अंमलदारांनी तिला बदल करू दिला नाही. तिने आणलेल्या बाटलीतले पाणी आम्ही दोघे प्यायलो.

माझी आता कोणाविरुद्ध तक्रार नाही. सभेत बोललेले शब्द मी सभेतच मागे घेईन. त्यालाही पाऊण तास लागेल.

दुरुस्त यादी उद्या सकाळी ११ पर्यंत पुनर्विकासाच्या कार्यालयात द्यायची आहे. ती न गेल्यास बारा बिऱ्हाडे घराला मुकतील.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, एकही शब्द बदलायचा नाही. साहेब, उत्तराचा लॅपटॉप आज पाचच्या आत तिच्या हातात द्या.