अडलेलं कार्ड

– उशीर, उशीर काय लावलाय, बसा की आधी. तुम्हा छापखान्यावाल्यांचं बरं असतं, कागद आला की छापून मोकळे. इथे बहुभाषी शब्दकोशाच्या कचेरीत एकेका शब्दाचं कार्ड करावं लागतं. बाकी सगळा कोश तयार आहे, मान्य – हा एकच शब्द उरलाय, ग्लॅड. दिसायला चार रोमन अक्षरं, पण महाबिलंदर. इंग्रजीत आनंदी, ते शाळेतली पोरंही सांगतील. डॅनिश, स्वीडिशमध्येही आनंदीच. डच माणसाला विचारा – तो म्हणेल, निसरडं. जर्मनांचा ग्लाट म्हणजे गुळगुळीत. आता ही सख्खी भावंडं कशी? तर मुळात अर्थ चकचकीत, गुळगुळीत. कुणी त्यातली चमक उचलली, कुणी घसरण. चेहरा चमकला की आनंद, फरशी चमकली की पाठ शेकत बसा.

हे मला कधी कळलं? झाले की – अकरा महिने. पण आमचा नियम आहे ना, प्रत्येक अर्थाला एक बोलतं वाक्य हवं, जित्याजागत्या माणसाच्या तोंडचं, कोपऱ्यात त्याची सही. त्यासाठी मी वर जातो, प्रूफं तपासणाऱ्या बाईंकडे. त्या चष्मा कपाळावर सरकवतात, विचार करतात, चहा मागवतात. ‘निसरडं’साठी तीनदा वाक्य दिलं त्यांनी, तिन्ही मीच खोडली – स्वल्पविराम पटेना. दुसरं कुणी? आहेत की, याच मजल्यावर सोळा माणसं आहेत, पण त्यांची वाक्यं फार कोरडी हो. नऊ वर्षांची कार्डं बघा, सगळ्या सह्या बाईंच्याच – नको, बघू नका, तो ड्रॉवर अडकतो.

आता हे कार्ड दिलं की संपलंच. मग वर जायला मला काय निमित्त? साठीला टेकलेला माणूस, उगाच जिने चढायला लागला तर लोक – काय? आधी वरच जाऊन आलात? मग मला इतकं बोलू कशाला दिलंत, भल्या माणसा. काय म्हणाल्या त्या? – कार्ड घेऊन या, बरं – आणि? – शब्द संपला तरी माणूस येऊ शकतो, असं सांगा म्हणाल्या –

हं.

घ्या हे. बाईंच्या खोडलेल्या वाक्यांतलं पहिलंच ठेवा, चांगलं होतं ते. निघा आता. आणि जिन्यात रेंगाळू नका, मला वर जायचंय.